संदेशाचे साक्षीदार



जीवशास्त्राच्या शालेय पुस्तकात एक आकृती हमखास असते. डावीकडे केंद्रक आणि त्यात डीएनए, उजवीकडे रायबोसोम आणि त्यावर आकाराला येणारे प्रथिन, दोहोंच्या मध्ये एक बाण. बाणावर लिहिलेले असते ‘संदेशवाहक आरएनए’. आजचे व्याख्यान त्या बाणाविषयी आहे. संदेशवाहक आरएनएचे अस्तित्व १९६१ साली सिद्ध झाले ते जिवाणूंवरच्या प्रयोगांतून, आणि जिवाणूंना केंद्रक नसते. त्यांच्यात आरएनएचे एक टोक अजून लिहून व्हायचे असते, तोवर दुसऱ्या टोकाला रायबोसोम चिकटून वाचूही लागलेले असतात. ऑस्कर मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे दृश्य टिपले. तिथे बाण काढायला जागाच उरत नाही. आपल्या पेशींत, तशाच वनस्पतींच्या आणि साध्या यीस्टच्याही पेशीत, लिहिणे केंद्रकात होते आणि वाचणे केंद्रकाबाहेर, पेशीद्रवात. मधल्या पटलातून आरएनएला बाहेर पडावे लागते. या बाहेर पडण्याला आपण सवयीने वाहतूक म्हणतो, आणि त्यामुळे त्यातला महत्त्वाचा भाग नजरेआड होतो. माझे प्रतिपादन असे आहे की इथे वाहतुकीआधी निवाडा होतो, आणि तो आरएनएमधल्या मजकुरावर होत नाही. आरएनए कसा तयार झाला, कोणत्या टप्प्यांतून गेला, याची साक्ष त्याच्या अंगावर बसलेली प्रथिने देतात. दार उघडते ते या साक्षीवर.

आधी दाराकडे पाहू. केंद्रकाभोवती दुहेरी पटल असते आणि त्यात रंध्रे असतात. कॅलन आणि टॉमलिन यांनी ती १९५० मध्ये उभयचर प्राण्यांच्या अंडपेशींत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहिली. ही नुसती भोके नव्हेत. माणसाच्या पेशीतले एकेक रंध्र सुमारे ३० प्रकारच्या प्रथिनांच्या अनेक प्रती मिळून बनते. सगळ्या प्रती मोजल्या तर त्या हजाराच्या आसपास जातात. आठ पाकळ्यांच्या चक्रासारखी त्यांची मांडणी असते, आणि एका केंद्रकावर अशी काही हजार रंध्रे असतात. रंध्राच्या पोकळीत प्रथिनांचे सैल, लवचिक धागे लोंबत असतात. त्या धाग्यांत फेनिलअ‍ॅलनिन आणि ग्लायसिन या अमिनो आम्लांची जोडी पुन्हा पुन्हा येते. लहान रेणू या गुंत्यातून सहज जातात. साधारण ४० किलोडाल्टनच्या पुढचा रेणू मात्र अडतो, या धाग्यांशी हलकेच जुळवून घेण्याची क्षमता त्याच्यात असेल तरच पुढे सरकतो. आरएनएत ती नाही. त्याच्या कण्यावर ऋण विद्युतभार ठासून भरलेला असतो आणि तो आकारानेही अवाढव्य असतो. तेव्हा रंध्र आरएनएला ओळखतच नाही. ते ओळखते प्रथिनांना. पुढचा सगळा युक्तिवाद या साध्या गोष्टीवर उभा आहे.

आरएनएला दारातून नेणारे प्रथिन कोणते, याचा शोध दोन अगदी वेगळ्या वाटांनी लागला आणि दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येऊन मिळाल्या. पहिली वाट यीस्टची. बहुतेक संदेशवाहक आरएनएंच्या शेवटी अ‍ॅडेनिनची लांब शेपटी असते. तिला जोडून बसेल असा थायमिनचा छोटा धागा घ्यायचा, त्यावर चमकणारे रंगद्रव्य लावायचे आणि तो पेशींत सोडायचा. मग आरएनए जिथे असेल तिथे प्रकाश दिसतो. निरोगी यीस्टमध्ये हा प्रकाश सगळ्या पेशीभर मंद पसरलेला असतो. आता अशी उत्परिवर्तित जात घ्या की जिचे एक विशिष्ट प्रथिन २५ अंश सेल्सियसला काम करते आणि ३७ अंशांना निकामी होते. तापमान वाढवले की काही मिनिटांत पेशीचा बाहेरचा भाग अंधारतो आणि मध्यभागी एक ठसठशीत तेजस्वी ठिपका उरतो. आरएनए तयार होतो आहे, शेपटीही लागते आहे, पण सगळा माल केंद्रकात तुंबला आहे. हायडेलबर्गमध्ये एड हर्ट यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये असे वागणारे एक प्रथिन पुढे आणले आणि त्याला मेक्स६७ हे नाव दिले. एमटीआर२ या धाकट्या जोडीदाराबरोबर ते काम करते.

दुसरी वाट माकडाच्या एका विषाणूची. मेसन-फायझर माकड-विषाणूला स्वतःचा न कापलेला आरएनए, म्हणजे ज्यातले गाळायचे तुकडे (इंट्रॉन) अजून काढलेले नाहीत असा, केंद्रकाबाहेर काढावा लागतो, आणि यजमान पेशी तर असा आरएनए सहसा सोडत नाही. विषाणूच्या आरएनएत यासाठी घडी घातलेला एक खास तुकडा असतो. बेडकाच्या अंडपेशीच्या केंद्रकात हा तुकडा भरमसाट प्रमाणात टोचला, तर पेशीच्या स्वतःच्या संदेशांचे बाहेर जाणेही थांबते. याचा अर्थ उघड आहे: विषाणू आणि पेशी एकाच मर्यादित प्रथिनासाठी स्पर्धा करत आहेत. एलिसा इझाउराल्दे यांच्या गटाने १९९८ मध्ये त्या तुकड्याला थेट धरणारे मानवी प्रथिन दाखवून दिले. आज त्याला एनएक्सएफ१ म्हणतात, आणि ते यीस्टच्या मेक्स६७ चेच भावंड आहे. यीस्ट आणि माणूस यांच्या वाटा अब्जाहून अधिक वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, तरी दारातून नेण्याचे काम एकाच कुळातल्या प्रथिनाकडे राहिले. मूळच्या उरुग्वेच्या इझाउराल्दे २०१८ साली आपल्यातून गेल्या. या विषयाच्या इतिहासात त्यांचे नाव पुन्हा पुन्हा येते, आजच्या व्याख्यानातही ते परत येईल.

इथवर ऐकून कोणी म्हणेल की वाहक सापडला, कोडे सुटले. खरे कोडे इथून सुरू होते. विषाणूच्या त्या तुकड्याला एनएक्सएफ१ घट्ट धरते. पेशीच्या सामान्य संदेशांवर मात्र त्याची पकड ढिली असते आणि अक्षरांच्या क्रमात ते फारसा भेदही करत नाही. केंद्रकात तर तऱ्हेतऱ्हेचे आरएनए असतात: अर्धवट कापलेले, चुकीचे कापलेले, कापून टाकलेले इंट्रॉन, नुसतीच कचऱ्याची टोके. वाहकाला निवड करता येत नसेल तर निवड होते कुठे? ती होते त्याला आरएनएवर बसवणाऱ्यांच्या पातळीवर. आरएनए लिहिला जात असतानाच त्याच्या पुढच्या टोकाला टोपी चढते आणि टोपीवर तिला ओळखणारी प्रथिने बसतात. टोपीच्या बाजूला ट्रेक्स नावाचा प्रथिनसमूह येतो. लेखन आणि निर्यात यांना जोडणारा म्हणून २००२ मध्ये त्याचे वर्णन झाले. त्यात ऊर्जा खर्चून काम करणारे यूएपी५६ हे विकर आहे आणि एएलवायआरईएफ हे प्रथिन आहे. इंट्रॉन कापून दोन एक्सॉन, म्हणजे राखायचे तुकडे, जोडले गेले की सांध्याच्या अलीकडे सुमारे २० ते २४ अक्षरांवर आणखी एक समूह घट्ट बसतो. हा सांधा-समूह २००० साली उजेडात आणणाऱ्यांत इझाउराल्दे होत्या. शेवटी शेपटी जोडली जाते आणि तिची प्रथिने येतात. ही सगळी मंडळी जमल्यावरच एनएक्सएफ१ ला आरएनएवर नीट बसता येते. मुंबईच्या वेशीवर जकात नाके होते तेव्हा ट्रकमधले प्रत्येक पोते फोडून पाहिले जात नसे, गाडी सुटायची ती कागदांवर. इथेही तसेच आहे, फक्त इथले कागद त्या-त्या टप्प्यावर माल तयार करणाऱ्या यंत्रणेनेच मालाला चिकटवलेले असतात, मागाहून कोणी आणून देत नाही.

हे नुसते सुरेख कल्पनाचित्र नाही, याचा मला सर्वांत पटणारा पुरावा १९९९ मधला आहे. हार्वर्डमध्ये लुओ आणि रॉबिन रीड यांनी बेडकाच्या अंडपेशीच्या केंद्रकात दोन प्रकारचे आरएनए टोचले. एकात इंट्रॉन होता, तो केंद्रकात कापला जाणार होता. दुसऱ्यात इंट्रॉन मुळातच नव्हता. तो जणू आधीच कापून दिलेला होता. कापणी झाल्यावर दोन्हींचा मजकूर अक्षरशः सारखा, एका अक्षराचाही फरक नाही. तरीही कापणीतून गेलेला आरएनए झपाट्याने आणि मोठ्या प्रमाणात बाहेर पडला, दुसरा रेंगाळला. दाराला मजकूर वाचता आला असता तर दोघांना सारखाच न्याय मिळाला असता. फरक होता तो फक्त पूर्वायुष्याचा, आणि ते पूर्वायुष्य नोंदले गेले होते प्रथिनांत.

हा आरएनए दारातून जाताना कसा दिसतो तेही माणसाने पाहिले आहे. कायरोनोमस नावाच्या न चावणाऱ्या चिलटाच्या अळीची लाळग्रंथी प्रचंड प्रथिने तयार करते. त्यांच्या धाग्यांनी अळी पाण्यात स्वतःसाठी नळी विणते. या प्रथिनांचा संदेशवाहक आरएनए ३५ ते ४० हजार अक्षरांचा असतो आणि प्रथिनांसह गुंडाळून त्याचा सुमारे ५० नॅनोमीटरचा गोळा होतो. आकार मोठा असल्यामुळे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात एकेक गोळा ओळखता येतो. स्टॉकहोममध्ये बर्टिल डॅनहोल्ट आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये त्याच्या प्रवासाचे टप्पे दाखवले. गोळा रंध्राच्या आतल्या बाजूच्या टोपलीसारख्या भागाशी येऊन थांबतो, दिशा बदलून आपली टोपीची बाजू पुढे करतो, उलगडत उलगडत सळईसारखा होतो आणि टोपीचे टोक आधी बाहेर पडते. बाहेर पडलेल्या टोकावर रायबोसोम चढलेले दिसतात, तेव्हा शेपटी अजून आतच असते. टोपीच्या बाजूला बसलेल्या प्रथिनांना पुढे जाण्याचा मान मिळतो तो असा. व्हिएन्नातल्या एका गटाने २०२३ मध्ये मानवी पेशींतले असे गोळे अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहिले. सांध्यांचे समूह गोळ्याच्या आत दडलेले आणि ट्रेक्स बाहेरच्या पृष्ठभागावर, अशी ती रचना आहे. ज्याची गरज दाराशी, ते बाहेर.

दिशेचा प्रश्नही इथेच सुटतो. आरएनए बाहेर गेल्यावर पुन्हा आत का घसरत नाही? अनेक प्रथिनांच्या आयात-निर्यातीत रॅन नावाचे प्रथिन दिशा ठरवते. संदेशवाहक आरएनएच्या या मुख्य मार्गावर ते काम डीबीपी५ करते. रंध्राच्या बाहेरच्या कडेला लटकलेले हे विकर एटीपीची ऊर्जा वापरून आरएनएवरून मेक्स६७ सारखी प्रथिने उतरवते. जीएलई१ हे प्रथिन आणि आयपी६ हा छोटा रेणू त्याला चालना देतात, हे २००६ मध्ये स्पष्ट झाले. वाहक उतरला की रंध्राच्या धाग्यांशी आरएनएचे नाते तुटते आणि परतीची वाट बंद होते. ग्रूनवाल्ड आणि सिंगर यांनी २०१० मध्ये जिवंत पेशीत एकेका आरएनएचा माग काढला. पूर्ण प्रवासाला सुमारे १८० मिलिसेकंद लागले. त्यातला रंध्राच्या पोकळीतला काळ फक्त ५ ते २० मिलिसेकंद, उरलेला वेळ आतल्या उंबऱ्यावर आणि बाहेरच्या उंबऱ्यावर, दोन्हीकडे जवळपास सारखा. अनेक आरएनए दाराशी येऊन परतही फिरले. नुसती वाहतूकच असती तर पोकळी ओलांडणे हा मुख्य खर्च असता. वेळ जातो तो उंबऱ्यांवर, म्हणजे आत ओळख पटण्यात आणि बाहेर सुटका होण्यात.

आता आक्षेपांकडे वळू, कारण ते बळकट आहेत. पहिला: यीस्टच्या सुमारे सहा हजार जनुकांपैकी मोजक्याच, पाच टक्क्यांच्या आसपास, जनुकांत इंट्रॉन असतात, माणसाच्या बहुतेक हिस्टोन जनुकांतही नसतात. त्यांचे संदेश कापणीशिवाय व्यवस्थित बाहेर पडतात. मग कापणीच्या साक्षीचे एवढे कौतुक कशाला? हा आक्षेप कापणीला एकमेव साक्षीदार मानणाऱ्याला लागू पडतो. टोपी, लेखनाच्या ओघात बसणारी प्रथिने, शेवटाची कापणी आणि शेपटी हेही टप्पेच आहेत, आणि यीस्ट मुख्यतः त्यांच्यावरच भागवते. एक साक्षीदार नसला तर दुसऱ्यांवर भार येतो. साक्षीची गरज संपत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. उष्णतेचा ताण आला की यीस्ट ही सगळी तपासणी बाजूला ठेवते. गॉटिंगेनमध्ये हाइके क्रेबर यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवले की अशा वेळी मेक्स६७ नेहमीच्या संदेशांवरून उतरते आणि ताण निवारणाऱ्या प्रथिनांच्या संदेशांवर मध्यस्थांशिवाय थेट बसते. हे संदेश गुणवत्ता-तपासणी न होताच बाहेर जातात. तपासणी ही चैन आहे, संकटात ती गुंडाळता येते, असा याचा अर्थ लावणे सोपे आहे. पण त्याच अभ्यासातला पुढचा प्रयोग माझ्या मते निर्णायक आहे. नेहमीच्या एका जनुकापुढे ताणाच्या जनुकाचा प्रवर्तक जोडला, म्हणजे मजकूर तोच ठेवून फक्त लेखन कुठून सुरू होते ते बदलले, तर तो संदेशही विनातपासणी सुटणाऱ्यांत जमा झाला. मजकूर एकच, जन्म वेगळा, वागणूक वेगळी. आक्षेपाने माझ्या म्हणण्याला आणखी एक पुरावाच दिला.

तिसऱ्या आक्षेपाने चित्रातला एक भाग खरोखर बदलावा लागतो. २०१९ मध्ये झुरिचमधल्या संशोधकांनी यीस्टचे मेक्स६७ रंध्राच्याच एका प्रथिनाला कायमचे जोडून टाकले, म्हणजे त्याला केंद्रकात हिंडून आरएनए गोळा करणे अशक्य केले. तरीही पेशी जगल्या आणि आरएनए बाहेर जात राहिला. तेव्हा मेक्स६७ आरएनएला आतून उचलून आणते, हे चित्र निदान यीस्टपुरते सैल करावे लागेल. ते दाराचाच एक फिरता भाग आहे असे म्हणणे जास्त योग्य ठरेल. मला ही दुरुस्ती स्वागतार्ह वाटते. वाहक दारातच उभा असेल, तर कोणता आरएनए तिथवर पोहोचून टिकेल याचा निर्णय आणखीच त्याच्यावर आधी बसलेल्या प्रथिनांकडे जातो.

शेवटी एक आक्षेप उपयुक्ततेचा. एवढा खटाटोप कशाला? जिवाणू तर दाराविना सुखाने जगतात. यावर मार्टिन आणि कूनिन यांनी २००६ मध्ये मांडलेली कल्पना विचार करण्याजोगी आहे. इंट्रॉन कापणे हे संथ काम आहे आणि रायबोसोम वाचतो झपाट्याने. दोन्ही एकाच जागी घडले तर रायबोसोम न कापलेला मजकूर वाचून निकामी प्रथिने तयार करील. केंद्रकाचे पटल हे या शर्यतीत कापणीला मिळालेली उसंत असावे. हे अनुमान आहे, सिद्ध इतिहास नव्हे. पण उसंत मिळाल्यावर ती संपल्याची खूण करणारे कोणी लागतेच, आणि ते काम या प्रथिनांचे.

विषाणूंना हे सगळे आपल्याआधी कळले होते असे वाटावे इतक्या नेमकेपणाने ते याच प्रथिनांवर घाला घालतात. एचआयव्हीचे रेव्ह हे प्रथिन न कापलेला आरएनए सीआरएम१ या वेगळ्याच वाहकाच्या वाटेने बाहेर नेते. इन्फ्लुएन्झाचे एनएस१ एनएक्सएफ१ लाच अडवते, तर कोविड-१९ च्या विषाणूचे ओआरएफ६ रंध्राशी निगडित आरएई१ आणि एनयूपी९८ या जोडगोळीला. पेशीने धोक्याची सूचना देणारे संदेश लिहिले तरी ते आतच राहतात. जीएलई१ मधल्या उत्परिवर्तनांमुळे फिनलंडमध्ये गर्भातच प्राण घेणारा एक सांधे आखडण्याचा विकार आढळतो, हे २००८ मध्ये उलगडले. दारातल्या एका प्रथिनाची किंमत तिथे पूर्ण आयुष्य आहे.

इथे एक प्रश्न सहज पडेल. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीची एमआरएनए लस २०२२ मध्ये भारतात मंजूर झाली. तिचा आरएनए कारखान्यात तयार होतो. त्याला ना ट्रेक्स लागलेला असतो, ना सांधा-समूह. तरी पेशी तो वाचते. मग पूर्वायुष्याची साक्ष गेली कुठे? लसीचा आरएनए थेट पेशीद्रवात पोचतो, केंद्रकाच्या दाराशी त्याचा संबंधच येत नाही. बाहेरही चौकशी होते, पण ती परकेपणाची: कॅटालिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांनी युरिडीन बदलून पेशीचा संशय कसा टाळता येतो ते २००५ मध्ये दाखवले, आणि त्यांना २०२३ चे नोबेल मिळाले.

दाराबाहेरही साक्ष संपत नाही, हे मात्र आपल्या इथल्या एका आजाराकडे पाहिल्यावर नीट कळते. भारतात, महाराष्ट्रातही, बीटा थॅलेसेमियाचे सर्वांत जास्त आढळणारे उत्परिवर्तन ग्लोबिन जनुकाच्या पहिल्या इंट्रॉनच्या पाचव्या अक्षरात आहे: जी च्या जागी सी. अक्षर मजकुरातले नाहीच, कापून टाकायच्या भागातले; बिघडते ती कापणी. सार्डिनियात दुसरेच उत्परिवर्तन प्रबळ आहे. तिथे ३९ व्या कोडॉनपाशी, म्हणजे तीन अक्षरांच्या गटापाशी, अवेळी थांबण्याची खूण येते. या आरएनएची कापणी ठीक होते. पण वाचणारा रायबोसोम मधेच थांबतो आणि त्याच्या पुढे शेवटच्या सांध्याचा समूह अजून जागच्या जागी बसलेला असतो. एरवी तो पहिल्याच वाचनात झटकला गेला असता. वाट न संपता थांबावे लागले याची ही खूण पाहून पेशी तो आरएनए नष्ट करते. म्हणून ज्यांच्याकडे सदोष जनुकाची एकच प्रत आहे ती माणसे जवळपास निरोगी राहतात: अर्धवट प्रथिन फारसे तयारच होत नाही आणि दुसरी प्रत काम निभावते. थांबण्याची अशीच अवेळी खूण तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या एक्सॉनमध्ये आली तर तिच्यापुढे सांधा नसतो, समूह नसतो, साक्ष द्यायला कोणी उरत नाही. आरएनए टिकतो, खुरटी ग्लोबिन साखळी तयार होत राहते, रक्तपेशी घडवणाऱ्या पेशींत साचते, आणि एकाच सदोष प्रतीने माणूस आजारी पडतो. दोघांच्याही जनुकांत दोष एकाच जातीचा आहे. फरक आहे तो एका प्रथिनसमूहाच्या असण्या-नसण्याचा.